डलॉनेगाच्या सोन्याबद्दल चार दुरुस्त्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डलॉनेगा या गावावर प्रवासलेख आला आहे. चौकातली विटांची दुकाने, परातीत सोने शोधणारी मुले, ऑक्टोबरात रंगलेली झाडी हे सगळे त्यात छान उतरले आहे. अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागात आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. भारतातून आई-वडील आले की एक दिवस डलॉनेगाला जाणे होतेच, आणि असे लेख व्हॉट्सॲपवर फिरून त्यांच्याच आधारे सहल ठरते. म्हणून लेखातल्या चार चुका आणि सोबतचा नकाशा दुरुस्त व्हायला हवा. त्यातली एक चूक निव्वळ तपशिलाची नाही, त्यामुळे तिच्यावर जास्त लिहीत आहे.

आधी गावाची जागा. डलॉनेगा हे लंपकिन काउंटीचे मुख्यालय. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी कचेरी, कोर्ट आणि जमिनीचे दप्तर असते, तसेच इथेही. 2020 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,450 फुटांवर, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी एका उंचवट्यावर वसले आहे. पूर्वेकडून याहूला ओढा आणि पश्चिमेकडून केन क्रीक उतरतो, आणि दोन्ही दक्षिणेला चेस्टाटी नदीला मिळतात. चेस्टाटी पुढे लेक लेनियर या जलाशयात चॅटाहूची नदीला मिळते. याच काउंटीत उगम पावणारी एटोवा नदी मात्र पश्चिमेकडे वळते आणि अलाबामातून मोबीलच्या खाडीला जाते. म्हणजे काउंटीच्या मधूनच पाणलोटाची सीमा जाते. उत्तरेकडच्या ब्लू रिजच्या कण्यापलीकडे पडलेला पाऊस तर थेट टेनेसी नदीकडे वाहतो. डलॉनेगा समजून घ्यायचे तर हे ओढे डोक्यात पक्के हवेत, कारण 1829 ची सोन्यामागची सगळी धावपळ ओढ्यांच्या काठानेच झाली.

सोने इथे का, याचे उत्तर पायाखाली आहे. ईशान्येकडून नैऋत्येकडे जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात शिस्ट आणि नाइस जातीचे रूपांतरित खडक आहेत. त्यांत गारगोटीच्या शिरा आहेत आणि शिरांमध्ये सोने. या भागात पाऊस भरपूर आणि हवा दमट, त्यामुळे वरचा खडक जागच्या जागी खोलवर कुजून त्याचा लाल-तांबूस मुरूम झाला आहे. या मुरुमाला भूगर्भशास्त्रात सॅप्रोलाइट म्हणतात, आणि ही संज्ञा 1895 मध्ये जॉर्ज बेकर यांनी मांडली ती दक्षिण ॲपलाचियन डोंगरांतल्या सोन्याच्या पट्ट्याचा अभ्यास करतानाच. मुरूम पावसाने ओढ्यात उतरतो, हलकी माती वाहून जाते आणि जड सोने खडीच्या तळाशी, कातळाच्या भेगांत राहते. पहिल्या लोकांना खाण खणावी लागलीच नाही. फावडे, परात आणि खडी धुवायचा लाकडी पाळणा एवढ्यावर काम भागले.

आता पहिली चूक. ‘अमेरिकेतली सोन्याची पहिली लाट’ हा मान डलॉनेगाचा नाही. 1799 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅबॅरस काउंटीत रीड कुटुंबाच्या मुलाला ओढ्यात 17 पौंडांचा पिवळा दगड सापडला. तो काही वर्षे दाराला अडसर म्हणून वापरला गेला आणि 1802 मध्ये साडेतीन डॉलरला विकला गेला. पुढची काही दशके अमेरिकन सोने म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचे सोने. जॉर्जियाची लाट त्यानंतरची, पण कॅलिफोर्नियाच्या वीस वर्षे आधीची. पहिला शोध कोणी लावला याच्या अनेक कथा आहेत. लेखात आलेली बेंजामिन पार्क्सची 1828 सालची गोष्ट त्याने स्वतः फार म्हातारपणी सांगितलेली आहे. छापील पुरावा 1 ऑगस्ट 1829 च्या ‘जॉर्जिया जर्नल’मधला आहे आणि त्यात उल्लेख हॅबरशॅम काउंटीतल्या खाणींचा आहे. कथा सांगावी, पण कथा म्हणून.

दुसरी चूक मोठी आहे. ‘निर्मनुष्य जंगलात सोने सापडले आणि गाव उभे राहिले’ असे वाक्य लेखात आहे. ती जमीन निर्मनुष्य नव्हती, चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांच्या राष्ट्राची होती. चेरोकींची घरे, शेते, फळबागा, तराफे होते. न्यू एकोटा ही राजधानी होती, लेखी राज्यघटना होती. सिक्वोयाने तयार केलेल्या चेरोकी लिपीत आणि इंग्रजीत छापले जाणारे ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र 21 फेब्रुवारी 1828 ला सुरू झाले. बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 चे, तेही दोन भाषांतले. म्हणजे आपल्याकडे पहिले मराठी वृत्तपत्र निघाले तेव्हा चेरोकी भाषेतले वृत्तपत्र चार वर्षांचे होते. अशा समाजाच्या भूमीला मराठी वृत्तपत्राने निर्मनुष्य म्हणू नये.

1829 च्या अखेरीस हजारो लोक हद्द ओलांडून आत घुसले. 1830 च्या वसंतात एकट्या याहूला ओढ्यावर चार हजार माणसे सोने काढत असल्याचा अंदाज ‘नाइल्स रजिस्टर’ या साप्ताहिकाने छापला होता. जॉर्जियाने कायदा करून 1 जून 1830 पासून चेरोकींच्या भूमीवर आपला अंमल जाहीर केला. गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकींची साक्ष चालणार नाही, असे त्या कायद्यात होते. स्वतःच्याच जमिनीतले सोने काढायलाही त्यांना मनाई झाली. 3 मार्च 1832 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘वूस्टर विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात चेरोकी भूमीवर राज्याचा कायदा चालत नाही, असा स्पष्ट निकाल दिला. राज्याने तो मानला नाही. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तेव्हाच्या राजधानीत, मिलेजविलमध्ये, त्या जमिनीची सोडत सुरू झाली.

ही सोडत कशी झाली हे सविस्तर सांगायला हवे, कारण गावाचा आजचा आराखडा तिच्यातून आला आहे. मोजणीदारांनी सोन्याचा प्रदेश 40 एकरांच्या चौकोनी तुकड्यांत पाडला. 40 एकरांच्या चौकोनाची प्रत्येक बाजू बरोबर पाव मैल, 1,320 फूट भरते. ओढा, डोंगर, चेरोकींची राहती घरे, कशाचाही विचार न करता कागदावर रेघा ओढल्या गेल्या. असे सुमारे 35 हजार लॉट झाले. अर्जदार त्याच्या कित्येक पट होते. एका पिंपात अर्जदारांची नावे, दुसऱ्यात लॉटचे क्रमांक आणि कोऱ्या चिठ्ठ्या. दोन्हींतून एकेक चिठ्ठी निघे. राज्यात ठरावीक काळ राहिलेल्या गोऱ्या रहिवाशांनाच अर्ज करता येत होता. चेरोकी हद्दीत बेकायदा सोने काढलेल्यांना कागदोपत्री बंदी होती, पण ती पाळली जावी यासाठी फारशी यंत्रणा नव्हती. पाव मैलाचा चौकोन सोन्याच्या शिरेवर पडला की नाही, हे नशिबावर. त्यामुळे लॉट लागलेल्या बहुतेकांनी तो न बघताच विकला आणि सट्टेबाजांनी खरेदी केला.

डिसेंबर 1832 मध्ये लंपकिन काउंटी स्थापन झाली. तिला नाव मिळाले ते ही जमीन घेण्याचा आग्रह धरणाऱ्या गव्हर्नर विल्सन लंपकिन यांचे. तेव्हा या भागातले मोठे गाव होते ऑरेरिया, डलॉनेगापासून नैऋत्येला पाच-सहा मैलांवर, चेस्टाटी आणि एटोवा यांच्यामधल्या धारेवर. दुकाने, खाणावळी, वकील, सगळे तिथे. पण ऑरेरिया ज्या लॉटवर वसले होते त्याची मालकी वादात सापडली. सोडतीतला तो लॉट लबाडीने मिळवल्याचा आरोप होता. ज्या जागेचा कागद पक्का नाही तिथे कोर्ट बांधणार कसे? म्हणून 1833 मध्ये मुख्यालयासाठी लॉट क्रमांक 950 ठरला आणि तिथे डलॉनेगा उभे राहिले. ऑरेरियाचे लोक हळूहळू इकडे आले. आज ऑरेरियात रस्त्याकडेला दोन-चार पडक्या इमारती आणि माहितीफलक आहे. सोने दोन्हीकडे होते. एक गाव राहिले आणि एक उजाड झाले ते जमिनीच्या कागदावरून.

चौकाच्या मधोमध उभी असलेली विटांची इमारत म्हणजे 1836 चे कोर्ट. 1965 पर्यंत तिथे काउंटीचा कारभार चालला आणि आता तिथे सोन्याचे संग्रहालय आहे. विटा स्थानिक मातीच्या आहेत आणि त्या मातीत सोन्याचे सूक्ष्म कण आहेत, हे लेखात बरोबर आले आहे. पण या इमारतीचे महत्त्व विटांत नाही. लॉटची खरेदीखते, हद्दींचे वाद, कर्जवसुली हे सगळे इथे चालले, आणि ती बांधून झाली तेव्हा आजूबाजूला चेरोकी कुटुंबे अजून राहत होती. 29 डिसेंबर 1835 च्या न्यू एकोटा तहावर चेरोकींच्या निवडून आलेल्या सरकारची सही नव्हती. त्याच तहाचा आधार धरून 1838 मध्ये लष्कराने सुमारे 16 हजार लोकांना घराबाहेर काढून पश्चिमेकडे नेले. वाटेत आणि छावण्यांत मिळून चार हजारांच्या आसपास माणसे दगावली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वर्षी डलॉनेगाच्या टांकसाळीत पहिले नाणे पडले.

खाणीत राबणाऱ्यांबद्दलही लेख गप्प आहे. साउथ कॅरोलायनाचे राजकारणी जॉन कॅल्हून यांची इथे खाण होती आणि तिथे गुलाम केलेले कृष्णवर्णीय लोक राबत होते. इतर खाणमालकही शेतीचा हंगाम सरला की आपले गुलाम खाणीवर पाठवत. जेम्स बॉइसक्लेअर हा स्वतंत्र कृष्णवर्णीय व्यापारी आणि खाणमालक याच गावात दुकान चालवत होता, पण जॉर्जियाच्या कायद्याप्रमाणे त्याला व्यवहारासाठी गोरा पालक लागे.

तिसरी चूक टांकसाळीची. सोनेरी मनोऱ्याच्या इमारतीचा फोटो ‘जुनी टांकसाळ’ म्हणून छापला आहे. ती टांकसाळ नव्हे. टांकसाळीची इमारत 20 डिसेंबर 1878 ला जळाली. तेव्हा तिच्यात 1873 पासून नॉर्थ जॉर्जिया ॲग्रिकल्चरल कॉलेज भरत होते. जुन्या पायावर जी नवी इमारत बांधली ती आजचा प्राइस मेमोरियल हॉल, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ जॉर्जियाच्या आवारातला. मनोऱ्याला सोन्याचा वर्ख 1973 मध्ये लागला. टांकसाळीचे जे उरले आहे ते पायाच्या दगडांत.

टांकसाळ का हवी होती? कच्चे सोने फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीत पाठवायला कित्येक आठवडे लागत आणि वाटेत चोरीची भीती. गावात व्यवहार सोन्याच्या भुकटीवर चाले, तिच्यात भेसळ होई. 1830 मध्ये टेम्पलटन रीडने खासगी नाणी पाडली, पण त्यांतले सोने छापील किमतीइतके भरले नाही आणि त्याचा धंदा लगेच बसला. 3 मार्च 1835 च्या कायद्याने शार्लट, डलॉनेगा आणि न्यू ऑर्लिन्स इथे टांकसाळीच्या शाखा मंजूर झाल्या. डलॉनेगात सोने वजन करून घेत, वितळवून कस लावत, चांदी वेगळी करत, मग 900 कसाला (हजारात 900 भाग सोने) आणून पट्ट्या लाटत आणि चकत्या कापत. ठसे फिलाडेल्फियातून ‘डी’ हे अक्षर कोरून येत. इथल्या सोन्यात मुळातच चांदी असते, म्हणून काही नाण्यांवर हिरवट झाक दिसते. पाच डॉलरच्या नाण्याचे वजन 8.359 ग्रॅम आणि एक डॉलरचे 1.672 ग्रॅम. अडीच डॉलरचेही नाणे होते. तीन डॉलरचे फक्त 1854 मध्ये पाडले, अवघे 1,120 नग. 1838 ते 1861 या काळात 14 लाखांच्या आसपास नाणी निघाली, त्यांची दर्शनी किंमत 60 लाख डॉलरहून थोडी जास्त.

नाणी जमवणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक खूण. ‘डी’ हे अक्षर पुढे डेन्व्हर टांकसाळीलाही मिळाले, पण ती 1906 मध्ये नाणी पाडू लागली. त्यामुळे 1861 किंवा त्याआधीचे साल आणि ‘डी’ असेल तर नाणे डलॉनेगाचे, 1906 किंवा त्यानंतरचे असेल तर डेन्व्हरचे. लेखातल्या फोटोतले नाणे 1908 चे आहे, म्हणजे डलॉनेगाचे नव्हे. 1838 आणि 1839 च्या पाच डॉलरच्या नाण्यांवर अक्षर पुढच्या बाजूला सालाच्या वर असते, 1840 पासून मागच्या बाजूला गरुडाखाली. फसवणुकीची नेहमीची रीत म्हणजे फिलाडेल्फियाच्या अक्षर नसलेल्या नाण्यावर वेगळे ‘डी’ चिकटवणे. भिंगाखाली अक्षराच्या कडेला बारीक भेग किंवा वेगळा रंग दिसला तर घेऊ नये. 1861 चे एक डॉलरचे नाणे तर संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या ताब्यात टांकसाळ गेल्यावर पाडलेले आहे आणि त्याची अधिकृत नोंदच नाही, म्हणून त्याचे भाव चढे आणि नकलाही जास्त.

चौथी चूक अशी की ‘कॅलिफोर्नियाला सगळे निघून गेल्यावर गाव संपले’. 1849 मध्ये तिथल्या सोन्यामागे बरेच गेले हे खरे. टांकसाळीचे कसतज्ज्ञ मॅथ्यू स्टीफन्सन यांनी कोर्टाच्या पायऱ्यांवरून समोरच्या फिंडली रिजकडे बोट दाखवत लोकांना थांबवायचा प्रयत्न केला, असे परंपरेने सांगतात. पण गेलेल्यांपैकी काही जण परत आले आणि येताना पाण्याच्या फवाऱ्याने डोंगर धुण्याचे तंत्र घेऊन आले. 1850 च्या दशकात याहूलाचे पाणी वरच्या अंगाने कालव्यात घेऊन डोंगराच्या माथ्यावर आणले गेले. कालव्याला उतार अगदी थोडा ठेवावा लागतो. जास्त दिला तर काठ खचतात आणि माथ्यावरचा दाब हातचा जातो. दाबाने सोडलेला फवारा मुरूम फोडतो आणि गारगोटीचे तुकडे वाहत खाली स्टॅम्प मिलमध्ये येतात. तिथे लोखंडी मुसळे ते कुटतात आणि पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सोने धरले जाते. खाणकामाच्या ग्रंथांत याला ‘डलॉनेगा पद्धत’ म्हणतात.

ही पद्धत मुरूम आहे तोवरच चालते. खाली न कुजलेला खडक लागला की सुरुंग लावावे लागतात, आणि तिथले सोने गंधकयुक्त खनिजांत अडकलेले असते, पारा ते नीट पकडत नाही. सोन्याचा भाव औंसाला 20.67 डॉलर असा कायद्याने बांधलेला, म्हणजे खर्च वाढला तरी उत्पन्न वाढणार नाही. 1900 च्या सुमारास डलॉनेगा कन्सॉलिडेटेड कंपनीने 120 मुसळांची प्रचंड गिरणी उभारली ती 1906 मध्ये बंद पडली, त्याचे कारण हेच. रेल्वेही डलॉनेगापर्यंत कधी पोहोचली नाही. चौक जुना राहिला त्यात याचा वाटा मोठा आहे.

लंपकिन काउंटीतल्याच विल्यम ग्रीन रसेलने 1858 मध्ये पश्चिमेकडे टोळी नेली. तिच्यात चेरोकी माणसेही होती. रॉकी डोंगरांच्या पायथ्याशी त्यांना सोने लागले आणि तिथल्या वस्तीला त्यांनी नाव दिले ऑरेरिया. 1860 मध्ये ती शेजारच्या डेन्व्हरमध्ये विलीन झाली. डलॉनेगाचे अक्षर पुढे मिळालेल्या शहराच्या मुळाशीही हीच काउंटी आहे.

परातीने सोने कसे शोधावे याबद्दल लेखात ‘पाण्यात हलवा, चमकेल ते सोने’ एवढेच आहे. याने मुले हिरमुसतात, म्हणून नीट सांगतो. 14 इंची परात दोन तृतीयांश खडीने भरावी आणि पाण्याखाली धरून मातीचे गोळे हाताने पूर्ण मोडावेत. इथली लाल चिकणमाती सोन्याचे कण लपेटून घेते, गोळा न मोडता फेकला की सोनेही गेले. मग परात सपाट ठेवून डावी-उजवीकडे जोरात हलवावी म्हणजे जड कण तळाशी बसतात. सोन्याची घनता 19.3, गारगोटीची 2.65 आणि काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटची सुमारे 5.2. परात आधीच तिरकी केली तर बसण्याआधीच सोने वाहून जाते, नवखे लोक इथेच चुकतात. बसल्यावर थोडी कलवून वरचा थर पाण्याने उतरवावा, पुन्हा सपाट, पुन्हा हलवणे. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते, तिच्या टोकाला पिवळे कण. हाताला तेल किंवा क्रीम असेल तर बारीक सोने पाण्यावर तरंगून निसटते. भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. सराफ कट्ट्यावर झारेकरी माती धुतात त्यातले तत्त्वही हेच.

चमकण्यावर जाऊ नये. इथल्या खडीत अभ्रक भरपूर आहे. परात फिरवली की अभ्रक लुकलुकते आणि विझते, सोने सावलीतही तसेच पिवळे दिसते. पायराइट सुईने दाबले की फुटते, सोने दबते. कण चंदेरी दिसला तर त्याला जुन्या गिरण्यांचा पारा लागलेला असू शकतो. तो बाटलीत पाण्याखाली बंद ठेवावा, घरी गॅसवर कधीही तापवू नये, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते. पैसे देऊन शोधायच्या जागांव्यतिरिक्त खासगी ओढ्यावर मालकाच्या परवानगीशिवाय उतरू नये. चॅटाहूची राष्ट्रीय वनात हौसेखातर हातातली परात चालते, काठ खणणे आणि उपसायची यंत्रे चालत नाहीत. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी गोल्ड रश डेज असतात. त्या दोन दिवसांत संग्रहालय शांतपणे बघणे होत नाही, वयस्कर मंडळी सोबत असतील तर दुसरा आठवडा निवडावा.

शेवटी नकाशा. त्यात डलॉनेगा चॅटाहूची नदीच्या काठावर दाखवले आहे. पुन्हा छापताना गाव याहूला आणि केन क्रीकच्या मधे घ्यावे, दक्षिणेला चेस्टाटी काढावी, नैऋत्येला ऑरेरिया आणि त्यापलीकडे एटोवा. पश्चिमेला कॅल्हून शहराजवळ न्यू एकोटाची खूण हवीच. तिथे चेरोकी राजधानीचे राज्य सरकारने जपलेले स्थळ आहे, ‘चेरोकी फिनिक्स’च्या छापखान्याची पुन्हा उभारलेली इमारत आहे, आणि डलॉनेगाहून गाडीने तास-दीड तासात पोहोचता येते. सकाळी न्यू एकोटा, दुपारी डलॉनेगाचे कोर्ट आणि मग परात, या क्रमाने एका दिवसात दोन्ही होतात.

आपला,
एक वाचक
कमिंग, जॉर्जिया